पोंपेया की केबल फॅक्टरी?

बंद पडलेल्या कारखान्याचं सांस्कृतिक केंद्र करायचं तर दोन वेगळ्या वाटा अभ्यासाव्यात: ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं सेस्क पोंपेया (सेस्क ही ते चालवणारी संस्था) आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीची केबल फॅक्टरी.

पोंपेयात पूर्वी पिंपांचा कारखाना होता. वास्तुरचनाकार लीना बो बार्दी जागा पाहायला गेल्या, तेव्हा आसपासची पोरंटोरं आणि कुटुंबं तिथे आधीच रमलेली त्यांना दिसली. हीच वर्दळ त्यांनी जपायची ठरवली. विटांच्या शेड राखल्या, भिंतींचा गिलावा काढला, आत वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा आणल्या. मोठ्या दालनात तर फरशीतूनच पाण्याचा वळणदार प्रवाह नेला आहे. केंद्र १९८२ साली खुलं झालं. क्रीडासंकुलाचे काँक्रीटचे मनोरे नंतर आले.

हेलसिंकीत कुणा एकाचा आराखडा नव्हता. नोकियाने केबल कारखाना रिकामा करायला घेतला, तशा कलाकारांनी जागा भाड्याने घेतल्या आणि पुढे इमारत वाचवायला तेच उभे राहिले. १९९१ पासून शहराच्या मालकीची कंपनी ती सांभाळते, मुख्यतः भाड्याच्या उत्पन्नावर.

पैशाचं गणित पाहिलं तर दुसरी वाट जास्त ठिकाणी जमेल. सेस्कला व्यापारी आस्थापनांच्या सक्तीच्या वर्गणीचा आधार आहे, तसा तो सगळीकडे कुठून येणार? तरी मन पोंपेयाकडेच ओढ घेतं. स्टुडिओ भाड्याने घेणाऱ्याचं हित सांभाळणं सोपं असतं. काहीही विकत न घेता दुपारभर बसायला आलेल्या माणसासाठी जागा राखणं फार अवघड, आणि पोंपेयाने ते केलं आहे.