बेलफ्लॉवर सांगून तण विकलं, 4,600 गेले, रोपं मागवणाऱ्यांनी नक्की वाचा

24 रोपांचे 4,320 आणि पार्सलचे 280, एकूण 4,600 गेले माझे, आणि वाफ्याची वाट लागली ती वेगळीच. मागवलं होतं कॅम्पॅन्युला (बेलफ्लॉवरचं शास्त्रीय नाव) पर्सिसिफोलिया, ती उंच सडपातळ दांड्यावर रुंद तोंडाची निळी-पांढरी फुलं येतात ना, ते. हातात पडलं रॅपन्क्युलॉइडिस, म्हणजे यातलंच तणासारखं पसरणारं. दोन्ही बेलफ्लॉवरच, एकाच कुळातली, आणि मेख तिथेच आहे.

हा धंदा कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहेच, चोरलेले फोटो, अॅपवर लिस्टिंग आणि मग "ताई, डायरेक्ट पेमेंट करा, कमिशन वाचेल". पण मी काही डोळे मिटून पैसे टाकले नव्हते. लालभडक बेलफ्लॉवर विकणाऱ्यांना मी आधीच बाजूला काढलं होतं, कारण तसा रंग यात येतच नाही, निळा, जांभळा, पांढरा, गुलाबी बस, फिकट पिवळी थायर्सॉइडिससारखी जात एखादीच. बी पेरल्यापासून 45 दिवसांत फुलं म्हणणाऱ्यांनाही फाटा दिला. हा माणूस तसलं काही बोललाच नाही. उलट म्हणाला, बी फार बारीक असतं, मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही कारण त्याला उजेड लागतो, पाणी साचू द्यायचं नाही, हे सगळं करत बसण्यापेक्षा तयार रोपं घ्या. यातलं एक अक्षर खोटं नाही! इतकं बरोबर सांगणाऱ्यावर कोण संशय घेईल सांगा. तरी मी खात्री मागितलीच, तर म्हणाला रोप आल्यावर पानाचा देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर अस्सल कॅम्पॅन्युला. चीक आला. येणारच, सगळ्याच कॅम्पॅन्युलाला येतो, पण त्यावरून जात कुठली ते कळत नाही. माझीच परीक्षा मला देऊन त्याने मला गप्प केलं.

आणि तो पार्सल उघडल्याचा क्षण, तो आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. ओल्या कागदातून रोप बाहेर काढलं तर खाली पांढऱ्या गाजरासारखं जाड मूळ, बाजूला दोऱ्यासारखे पांढरे फुटवे, आणि खालची पानं हृदयाच्या आकाराची, लांब देठाची, कडेला करवतीसारखे दाते. पर्सिसिफोलियाची पानं अरुंद, लांब, गुळगुळीत असतात आणि मुळं बारीक. सगळं समोर होतं, हातात होतं! मी लगेच फोटो पाठवले, विचारलं पानं अशी का. उत्तर आलं, कोवळी पानं अशीच असतात ताई, पहिल्या वर्षी नुसती पानंच, फुलं पुढच्या वर्षी. आता कॅम्पॅन्युला मीडियम ही यातली दुसरी जात खरंच द्विवर्षायू, पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा चक्राकार झुपका आणि दुसऱ्या वर्षी फूल, हे मला माहीत होतं, त्यामुळे पटलं. तक्रारीची मुदत 10 दिवस आणि फूल येणार वर्षाने, हा त्यांचा खरा डाव आहे. फूल येईपर्यंत थांबूच नका, जी काय ओळख पटवायची ती पार्सल फोडतानाच, पान आणि मूळ बघून, व्हिडिओ चालू ठेवून.

फूल आलं तेव्हा दांड्याच्या एकाच बाजूला माना खाली घातलेली छोटी जांभळी घंटी. तोवर वाफाभर नवे कोंब, कडेला लावलेली कार्पाटिका, म्हणजे बुटकी बेलफ्लॉवर, पार दबून गेली. खुरप्याने खणलं तर अजून वाढलं, कारण मुळाचा तुकडा राहिला की त्यातून परत फुटतं आणि मुळं जातात खोल. उत्तर अमेरिकेत हे झाड कुप्रसिद्ध आक्रमक तण आहे!

मग दाद मागायला निघाले. अॅपवाले म्हणे पेमेंट आमच्याबाहेर झालं, आमचा संबंध नाही. बँक म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवले, परत येणार नाहीत. पोलिसांकडे गेले तर तिथला माणूस मान वर न करता विचारतो, "रोपं आली ना? जगली ना? मग फसवणूक कुठे झाली?" अहो, जगली हीच तर तक्रार आहे! त्याला पानांतला फरक दाखवायला प्रिंट नेले होते, हातात सुद्धा घेतले नाहीत. कृषी विभागात सांगितलं शोभेची झाडं आमच्याकडे येत नाहीत, अमुक टेबलाला जा, त्या टेबलाने ग्राहक तक्रारीकडे पाठवलं, तिथे बिल मागितलं, बिल त्याने दिलंच नव्हतं. एकालाही वाटलं नाही की हे तण उद्या शेजारच्या बागेत जाईल. रक्कम लहान म्हणून टोलवतात, आणि असे शंभर जण टोलवले की त्या माणसाचं फावतंच.

अॅपबाहेर पैसे देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. बिलावर पूर्ण शास्त्रीय नाव लिहून घ्या, नुसतं "बेलफ्लॉवर" चालणार नाही, कारण मग काहीही पाठवून मोकळे. आणि माझ्यासारखं कोणाकडे हे आलं असेल तर बी धरायच्या आत फुलांचे दांडे कापा, मुळं कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, बंद पिशवीत कचऱ्यात द्या.

त्याचं जुनं अकाउंट बंद झालंय पण नव्या नावाने तेच फोटो फिरतायत, आता त्याच तणाला "लेडीबेल्स" म्हणतोय, म्हणजे अशाच घंटीसारख्या फुलांच्या वेगळ्याच झाडाचं नाव. पांढऱ्या बादलीत रोपं उभी, मागे निळी जाळी, खाली तीच दातेरी हृदयाकृती पानं. दिसलं तर तिथल्या तिथे रिपोर्ट करा.