योजनेत बसत नाही म्हणाले, अन् योजनेतूनही पैसे उचलले

बाबांना अ‍ॅटॅक आला तेव्हा नागपूरच्या एका दवाखान्याने सरकारच्या महात्मा फुले योजनेवरून (मोफत उपचाराची योजना) आम्हाला कसं फसवलं, हे लिहू की नको म्हणून दोन महिने थांबलो होतो, कारण गावात अर्धे लोक म्हणतात बुढा वाचला ना, मग आता पैशाचं काय उकरत बसतो. पण परवा आमच्याच गावच्या एकाला त्याच अँब्युलन्सवाल्याने तिकडेच नेलं हे कळलं, म्हणून सगळं लिहून टाकतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलाने नको म्हटलं आहे. ज्याला कामाचं असेल त्याने पद्धत लक्षात ठेवा, नाव बदललं तरी पद्धत हीच असते.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. अकरा एकर शेती, त्यातली चार पडीक, बाकी सोयाबीन, कापूस, तूर. रेशनकार्ड केशरी. गोष्ट नोव्हेंबर २०२४ ची, इलेक्शनचा प्रचार चालू होता, कापसाची वेचणी सुरू होती. बाबा वावरातून आले, जेवायला बसले आणि म्हणाले छातीत भरल्यासारखं होऊन राहिलं. आईने आधी इनो दिलं, मग ओवा दिला, अर्धा तास असाच गेला. (ही आमची चूक. घाम सुटला होता, थंडीत बनियान ओलं झालं होतं, तेव्हाच उठायला पाहिजे होतं.) तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं खोटं कशाला बोलू, चांगलं पाहिलं. ईसीजी काढला, गोळ्या चावायला दिल्या, रक्त पातळ व्हायचं इंजेक्शन दिलं, एक रुपया लागला नाही, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. डॉक्टर पोरगाच होता, म्हणाला अ‍ॅटॅक आहे, पुढं अँजिओग्राफी लागेल, सावंगी किंवा सेवाग्रामला न्या, नाहीतर नागपूरला सरकारी मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत. १०८ एक पेशंट घेऊन यवतमाळला गेली होती, तासाभरात येते म्हणाले.

तो एक तास आम्हाला थांबवला नाही.

गेटबाहेर प्रायव्हेट अँब्युलन्स उभी असतेच. ड्रायव्हर बाजूच्याच गावचा, तोंडओळखीचा. "कायले वाट पाहता भाऊ, मी नेतो न. काकाजीले असं ठेवता का?" म्हणाला. बाबांना काकाजी म्हटलं, आईच्या खांद्यावर हात ठेवला, झालं, आम्ही बसलो. साडेनऊ हजार ठरले. सेवाग्रामला चला म्हटलं तर म्हणाला "तिकडं रातच्यानं कोनी पाहत नाही, माह्या ओळखीचे डॉक्टर हाय नागपूरले, तिथं योजना बी हाय." मी योजना हा शब्द ऐकला आणि निवांत झालो.

गाडीत तो माझ्याशी बोलत होता. जमीन किती, कोणाच्या नावावर, ओलीत आहे का, घरात कोणी नोकरीवर आहे का, साळा काय करतो. मला वाटलं मला धीर द्यायला बोलून राहिला, म्हणून मीही सगळं सांगत गेलो, साळा एमआयडीसीत पर्मनंट आहे हेही सांगितलं. मग कळंबच्या पुढं त्याने कोणाला तरी फोन लावला आणि मी माझ्या कानाने ऐकलं, "हाव, अकरा एकर, केशरी, इन्शुरन्स नाही, साळा नोकरीवर हाय." तेव्हा विचित्र वाटलं की दवाखान्याला एकराचं काय करायचं, पण बाबांचा हात हातात होता, डोकं चालत नव्हतं. देवळी गेली, सावंगीचा बोर्ड गेला, सेवाग्रामचा फाटा गेला. जिथं जायला सांगितलं होतं ते दोन्ही दवाखाने आम्ही रात्री दीडच्या सुमारास खिडकीतून पाहत पार केले. दोन्हीकडे योजना आहे. आता त्या रस्त्याने गेलो की मी तिकडे पाहतच नाही.

नागपूरला काउंटरच्या मागे योजनेची पाटी होती, अर्धी कॅलेंडरने झाकलेली. मी रेशनकार्ड आणि आधार पुढे केलं. काउंटरवरचा माणूस कार्ड हातातही न घेता म्हणाला, हे योजनेत बसत नाही, इमर्जन्सी आहे, मंजुरीला दोन दिवस लागतात, तोवर पेशंटचं काय करता? आणि मग खालच्या आवाजात, योजनेत साधा स्टेंट (हृदयाची नस उघडी ठेवायची जाळी) टाकतात, तुम्हाला बाबासाठी चांगला पाहिजे की साधा? आता सांगा, रात्री तीन वाजता स्ट्रेचरवर बाप असताना कोणता पोरगा म्हणेल साधा टाका.

यातलं प्रत्येक वाक्य खोटं होतं, हे मला पाच महिन्यांनी समजलं. महात्मा फुले योजनेत इमर्जन्सीला फोनवरून कळवून लगेच उपचार सुरू करता येतात, कागदं मागून देता येतात. आधी दीड लाखाची मर्यादा होती, १ जुलै २०२४ पासून ती कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली आणि पांढरं कार्ड असलं तरी चालते, म्हणजे आमचं केशरी तर पहिल्यापासूनच बसत होतं. आणि स्टेंटचं म्हणाल तर त्याचा भाव दवाखाना ठरवतच नाही, २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने त्यावर कमाल किंमत बांधली, औषधवाल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० होती, मधे कमी-जास्त होत आली तरी २०२४ मध्ये जीएसटी सोडून चाळीस हजारांच्या आतच होती. आमच्या चिठ्ठीवर एका स्टेंटचे ८५,००० लिहिले होते.

सह्या किती केल्या मोजल्या नाहीत, सात-आठ असतील. सगळं इंग्रजीत. एक कागद वेगळा होता, एकच परिच्छेद, खाली माझी सही आणि नातं. हे काय आहे विचारलं तर "फॉर्मॅलिटी आहे दादा, जल्दी करा, कॅथलॅब तयार आहे." त्यात लिहिलं होतं की आम्हाला योजना समजावून सांगितली आणि आम्ही स्वखुशीने योजनेचा लाभ नाकारून रोखीने उपचार घेत आहोत. स्वखुशीने. तो शब्द वकिलाने वाचून दाखवला तेव्हा मला हसू आलं, दुसरं काय येणार.

ऑपरेशन चांगलं झालं. ज्या डॉक्टरने केलं त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तो माणूस पैशाचा एक शब्द बोलला नाही, बोलायची त्याला गरजच ठेवली नव्हती.

पैसे असे गेले. डिपॉझिट ८०,०००, साळ्याने रात्रीच ऑनलाइन दवाखान्याच्या खात्यात टाकले, त्याची पावती मिळाली. तिसऱ्या दिवशी १,१५,००० रोख. त्यासाठी घरी ठेवलेलं २२ क्विंटल सोयाबीन भावाने ४,०५० ने व्यापाऱ्याला देऊन टाकलं, हमीभाव ४,८९२ होता, म्हणजे साडेअठरा हजार तर तिथंच गेले, आणि वरचे पंचवीस-सव्वीस हजार मोठेबाबांकडून उसने. या रोखीची पक्की पावती नाही, पांढऱ्या कागदावर पेनाने "पॅकेज" लिहून आकडा. पावती मागितली तर डिस्चार्जला एकच फायनल बिल देतो म्हणाले. मग ३०,००० फोनपेवर, बायकोच्या बचत गटातून उचललेले, तेही काउंटरचा स्कॅनर बंद आहे म्हणून एका पोराच्या पर्सनल नंबरवर. औषधांचे ४१,०००, ती मात्र मेडिकलची पक्की बिलं. बेरीज २,६६,०००, अँब्युलन्स वेगळी.

आणि दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट. दुपारी एक पोरगी मशीन घेऊन वॉर्डात आली, बिलासाठी अंगठा पाहिजे म्हणाली. बाबांचा अंगठा काही केल्या लागेना. आयुष्यभर फवारणी आणि वेचणी, कापसाच्या बोंडाने बोटं अशी सोलली आहेत की रेघा राहिल्याच नाहीत, रेशन दुकानातही हाच तमाशा असतो. तिने ओल्या कापडाने अंगठा पुसला, परत दाबला, परत नाही, मग स्वतःच्या हाताने त्यांचं बोट धरून दाबून ठेवलं, चौथ्यांदा लागला. मग मोबाईलवर बेडवरचा फोटो काढला. बाबा बिचारे फोटोसाठी टोपी मागत होते. मी स्वतः त्यांना उठवून बसवलं, पाठीमागे उशी दिली. म्हणजे या फसवणुकीत उशी द्यायचं काम माझं होतं.

एप्रिल २०२५ मध्ये बाबांना दम लागू लागला. यावेळी सरळ सेवाग्रामला गेलो. तिथल्या आरोग्यमित्र ताईंनी (दवाखान्यात योजनेचं काम पाहतात त्या) कार्ड पाहिलं, कॉम्प्युटरवर काही शोधलं आणि सहज विचारलं, "यांची नोव्हेंबरमध्ये योजनेतून अँजिओप्लास्टी झाली आहे ना, त्याची फाइल आणली का?" अँजिओप्लास्टी म्हणजे तेच स्टेंटचं ऑपरेशन. मी म्हटलं योजनेतून नाही ताई, आम्ही पैसे भरले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. तारीख तीच, दवाखाना तोच. आमच्याकडूनही घेतले आणि सरकारकडूनही उचलले. तो अंगठा त्यासाठी होता. आणि मी सही केलेला कागद कशासाठी, तर आम्ही कधी ओरडलो तर आमच्या तोंडावर मारायला. एका कागदावर योजना नको, दुसरीकडे योजनेतूनच पैसे, दोन्ही एकाच पेशंटच्या नावावर. बाबांचा दम औषधाने कमी झाला, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत आम्ही दोघंही एसटीत काही बोललो नाही.

तक्रार कशी केली ते सांगतो. १५५३८८ ला फोन केला, हा योजनेचा टोल फ्री नंबर, तक्रार नंबर लिहून घेतला. मग नागपूरच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्ज, सोबत डिस्चार्ज कार्ड, बिलं, बँकेचं स्टेटमेंट, आणि फाइलमध्ये चिकटवलेल्या स्टेंटच्या स्टिकरचा फोटो. ते स्टिकर फार कामाचं, त्यावर कंपनी आणि बॅच नंबर असतो, आणि बिलातही स्टेंटची किंमत, कंपनी, बॅच वेगळी दाखवायला लागते हा नियमच आहे. आमच्या चिठ्ठीवर नुसतं "स्टेंट" होतं. अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांत दवाखान्यातून फोन, साहेबांशी बसून बोलू. बसलो. आधी तो स्वखुशीचा कागद काढलाच. मी योजनेच्या नोंदीची प्रिंट पुढे ठेवली. मग चहा आला. मग पन्नास हजार घ्या आणि तक्रार मागे घेतो लिहून द्या. मी उठलो.

शेवटी १,२१,००० परत आले. आकडा पाहून कळेल कोणते, ८०,००० ऑनलाइन आणि ४१,००० ची बिलं. ज्याचा कागद होता तेवढंच. रोखीचे आम्ही घेतलेच नाहीत म्हणतात, आणि फोनपेचा पोरगा "आमचा स्टाफ नाही". १,४५,००० अजून तिकडेच आहेत. सोयाबीन गेलं, बचत गटाचा हप्ता चालू आहे.

आता लोक म्हणतात योजनेचे रेट कमी असतात, सरकारकडून पैसे उशिरा येतात, दवाखाना चालवायचा कसा. असेल तसं, त्यांचीही अडचण असेल, मी नाही म्हणत नाही. पण मग पाटी काढा ना. पाटी दाखवून पेशंट आत घ्यायचा आणि काउंटरवर बसत नाही म्हणायचं, आणि मागच्या दाराने तोच रेट उचलायचा, हा कोणता न परवडणारा धंदा? आणि दुसरं, ट्रस्टचे मोठे दवाखाने असतात तिथं १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायला लागतात, वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर पूर्ण फुकट. आमच्या गावात हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही तक्रारीच्या नादात कळलं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून घरी ठेवा, तो रात्री तीन वाजता निघत नाही.

रात्री न्यायची वेळ आलीच तर काउंटरवाल्याशी बोलूच नका, आधी आरोग्यमित्र कुठे आहे विचारा, नसेल तर तिथंच उभं राहून १५५३८८ लावा, केंद्राच्या आयुष्मान योजनेचा १४५५५ आहे. बसत नाही म्हणाले तर लिहून मागा. आमच्या इथला एक जण हेच करून आला, लिहून द्या म्हटल्याबरोबर बसलं म्हणे. इंग्रजी कागदाचा सही करायच्या आधी फोटो काढा आणि घरातल्या कॉलेजच्या पोराला पाठवा. पैसे दवाखान्याच्याच खात्यात. आणि गाडीत बसल्यावर आपली जमीन किती ते कोणाला सांगू नका, विचारलं तर दोन एकर कोरडवाहू म्हणा.

तो ड्रायव्हर बाजारात भेटला होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "काऊन रागावले भाऊ? मी नसतो तर काकाजी वाचले असते का?" आणि मला उत्तर सुचलं नाही हे खरं. घरी आल्यावर सुचलं, की तासाभराहून जास्त अलीकडे सेवाग्राम होतं. पण तोवर तो निघून गेला होता, गेटवर उभा असतो अजून, नवीन गाडी घेतली आहे.

बाबा बरे आहेत, वावरात जातात, फक्त अंगठा कुठे लावायचा म्हटलं की नाही म्हणतात. रेशनच्या मशीनवर आता आई जाते.