एज ऑफ एम्पायर्स 2 डेफिनिटिव्ह एडिशन: सात महिने खेळल्यावर, खास नवीन लोकांसाठी

रविवारी रात्री मावसभावाला पहिल्यांदा हरवलं! सात महिने तो मला धू धू धूत होता, म्हणून आता डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. गेम काय आहे ते माहितीच असेल (गाव वसवायचं, सैन्य उभारायचं आणि समोरच्याला हरवायचं), 1999 चा जुना गेम कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळलेले बरेच जण असतील. 2019 ची ही आवृत्ती मी सेलमध्ये घेतली आणि वर एक रुपया टाकलेला नाही. आली तेव्हाच तिच्यात 35 सिव्ह (खेळायला निवडायच्या संस्कृती) होत्या, नवीन माणसाला त्यातली एक धड जमली तरी पुष्कळ, डीएलसीच्या (वेगळे पैसे देऊन घ्यायच्या भरीच्या) मागे लगेच लागू नका. मी फ्रँक्स घेतले, त्यांच्या नाइट्सना (घोडेस्वारांना) हेल्थ जास्त, चुकलं तरी थोडं निभावतं.

रँक्डमध्ये (ऑनलाइन रेटिंगच्या सामन्यांत) सगळ्यांची सुरुवात 1000 रेटिंगला होते, त्यामुळे पहिले काही गेम मार खावाच लागतो. मी सलग 9 हरलो. मग व्हिडिओ बघून बिल्ड ऑर्डर (सुरुवातीच्या कामांचा ठरलेला क्रम) वहीत उतरवली, कितवा व्हिलेजर (कामकरी गावकरी) लाकडावर, कितवा बोअरवर (रानडुकरावर), सगळं तोंडपाठ, तरी हार ती हारच. शेवटी मावसभाऊ म्हणाला, "दादा, स्वतःचं रेकॉर्डिंग लाव आणि फक्त टाउन सेंटरकडे बघ, लढाई बघूच नको." टाउन सेंटर, म्हणजे टीसी, ही गावातली मुख्य इमारत, व्हिलेजर तिथूनच निघतात.

बघितलं. चार मिनिटं होऊन गेलेली, मी बोअर ओढून आणतोय, व्हिलेजरने दोन बाण मारले आणि तो टीसीकडे पळत सुटलाय, माझा सगळा जीव त्याच्यात, आणि इकडे टाउन सेंटर गप्प. फूड आहे, रांगेत कोणी नाही. पुढे परत तेच, यावेळी घर नाही म्हणून अडकलेलं (राहायला जागा नसली की नवीन माणूस निघत नाही). पेन घेऊन सेकंद मांडले तर पहिल्या 10 मिनिटांत 200 सेकंद टीसी रिकामं! एक व्हिलेजर 25 सेकंदांत तयार होतो, म्हणजे आठ व्हिलेजर जन्मालाच आले नाहीत. समोरच्याकडे आठ जोड्या हात जास्त, मग माझे नाइट्स कितीही चांगले असले तरी काय उपयोग.

तेव्हापासून मी एवढंच बघतो. व्हिलेजर 50 फूडचा, सुरुवातीला 200 फूड असतं, म्हणजे पहिल्या सेकंदाला चार रांगेत लावता येतात, लावाच. टीसीत पाच जणांची सोय आणि आपण चार जण आधीच असतो (तीन व्हिलेजर, एक स्काउट म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार), म्हणून लगेच घर, 25 लाकडात पाच जणांची सोय होते. नंतरही दोन जागा उरल्या की पुढचं घर सुरू, अडकेपर्यंत थांबायचं नाही. टीसीला हॉटकी (कीबोर्डवरचं एक बटण) लावा, माऊस घेऊन शोधत बसू नका. फक्त फ्यूडलला (पुढच्या युगात जायला) क्लिक केल्यावर 500 फूड जातं आणि 130 सेकंद टीसीतून व्हिलेजर निघत नाही, ते चालतं, ती वेळ वाया नाही.

ऑटो स्काउटला (स्काउट आपोआप फिरवायच्या सोयीला) मी आधी नावं ठेवायचो, आपला घोडा आपणच फिरवायचा म्हणून. आता मत बदललंय. पहिले दोन महिने खुशाल चालू ठेवा, तेवढं लक्ष टीसीला द्या. फक्त मेंढ्या सापडल्या की त्या घरी आणायच्या विसरू नका. बिल्ड ऑर्डरला पण मी मध्यंतरी फालतू म्हणायचो, ते चुकलं माझं, टीसी अखंड चालायला लागल्यावर तीच ऑर्डर आपोआप जुळून आली.

लढाईचं थोडक्यात सांगतो, घोडदळावर भालेवाले, तिरंदाजांवर स्कर्मिशर (भालाफेके). 60 फूड 75 गोल्डच्या नाइटला 35 फूड 25 लाकडाचा भालेवाला अडवतो, माझ्यासारख्या काटकसरी माणसाला हा हिशोब फार आवडला.

रविवारचं रेकॉर्डिंग पण लगेच बघितलं. पहिल्या 10 मिनिटांत टीसी 35 सेकंद रिकामं. मावसभावाचं 20. जिंकलो ते त्याचे नाइट्स माझ्या भालेवाल्यांवर चालून आले म्हणून. ते 15 सेकंद अजून काढायचेत, शनिवारी परत आहे त्याच्याशी.