घबराटीत केलेला साठा: गंडा कुठे बसतो आणि कसा ओळखायचा

साथ आली की दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एकाला वस्तू आज वापरायची असते, दुसऱ्याला ‘असू दे घरात, लागली तर’ म्हणून हवी असते. लबाड विक्रेत्याचा डोळा या दुसऱ्यावर असतो, कारण साठ्यासाठी घेतलेला माल कोणी लगेच उघडत नाही. खोका तसाच माळ्यावर जातो आणि दोन-तीन महिन्यांनी घरात कुणाला ताप भरला की खाली येतो. तोवर परत करायची मुदत उलटलेली असते, विकणाऱ्याचा फोन बंद असतो आणि बिल तर घेतलेलंच नसतं. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात लोकांना ज्या वस्तूंत फसवलं गेलं, त्या एकेक करून पाहिल्या की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून पहिला नियम असा: साठ्यासाठी घेतलेली वस्तू घरी आल्या दिवशी उघडायची, तपासायची आणि मगच ठेवायची.

सुरुवात सॅनिटायझर आणि मास्कपासून झाली. केंद्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी दोन्ही वस्तू अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली आणल्या आणि २१ मार्चला भाव ठरवून दिले. २०० मिलि सॅनिटायझर जास्तीत जास्त १०० रुपये, तीन पदरी सर्जिकल मास्क १० रुपये, दोन पदरी ८ रुपये. मर्यादा ३० जून २०२० पर्यंत होती. पुढे ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारनेही मास्कचे भाव बांधले, तेव्हा एन-९५ ला प्रकाराप्रमाणे १९ ते ४९ रुपये असा दर होता. हे आकडे ठाऊक नसलेला माणूस ‘माल मिळतोय हेच नशीब’ म्हणत मागतील तेवढे पैसे देऊन मोकळा झाला. भाव वाढवायची सोपी युक्ती म्हणजे छापील किमतीवर नवं स्टिकर. किंमत कमी करणारं स्टिकर चालतं, तेही मूळ किंमत न झाकता. वाढवणारं स्टिकर बेकायदा आहे. नखाने कडा उचलून खाली काय छापलंय ते पाहावं आणि शंका आली तर दुकानातच फोटो काढावा.

सॅनिटायझरमध्ये खरा धोका भावाचा नव्हता, आतल्या द्रवाचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, सोबत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ग्लिसरीन. स्वस्तात उरकणाऱ्यांनी इथेनॉलच्या जागी मिथेनॉल वापरलं. जून २०२० मध्ये सीबीआयने राज्यांना याबद्दल सावध केलं होतं. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो, आणि त्वचेतूनही ते शरीरात शिरतं. ते घरी ओळखता येत नाही. वासावरून कळत नाही आणि पेटवून बघायचा प्रयोग तर कुणीही करू नये, मिथेनॉलची ज्योत उजेडात धड दिसतही नाही. आपल्या हातात फक्त लेबल असतं. त्यावर अल्कोहोलचं नाव आणि टक्का, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक हे सगळं हवं. यातली एक जरी गोष्ट नसेल तर बाटली घ्यायची नाही. पाच लिटरच्या कॅनमधून ‘सुटं’ भरून मिळणारं सॅनिटायझर तर फुकट दिलं तरी नको. शिवाय पाच लिटर अल्कोहोल स्वयंपाकघरात गॅसपाशी ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण, आणि झाकण सैल राहिलं की अल्कोहोल उडून जातं. घरात पाणी आणि साबण असताना एवढा साठा हवा कशाला?

मास्कच्या बाबतीत पन्नासच्या पाकिटातला एक कात्रीने कापून बघावा. तीन पदर मोजावेत. मधला पदर पांढरा, दाट आणि वेगळ्या पोताचा असतो. त्याला मेल्ट-ब्लोन म्हणतात आणि बारीक कण अडवायचं काम तोच करतो. बनावट मालात तिन्ही पदर सारखेच झिरझिरीत निघतात, किंवा पदर दोनच असतात. एन-९५ म्हणून विकलेल्या मास्कवर नुसतं ‘सीई’ किंवा ‘आयएसओ’ छापलेलं असलं तर त्याने काही सिद्ध होत नाही. भारतीय मानक आयएस ९४७३ आणि त्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघावा. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. झडपेचा मास्क महाग असतो म्हणून चांगला असं नाही. घालणाऱ्याचा श्वास झडपेतून गाळला न जाताच बाहेर पडतो.

ऑक्सिमीटर तपासायची पद्धत प्रत्येक घरात माहीत असायला हवी. बोटाला लावून ९८ आकडा दिसला की लोक खूश होतात. हलक्या प्रतीच्या यंत्रात आकडा आजाऱ्यालाही ९७-९८ च दाखवतो, आणि नेमका तिथेच घात होतो. म्हणून ऑक्सिजनचा आकडा बाजूला ठेवून नाडीचा आकडा पाहावा. एका हाताच्या बोटाला यंत्र लावायचं, दुसऱ्या हाताच्या मनगटावर नाडी धरून घड्याळावर ३० सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. यंत्रावरच्या आकड्यात आणि या मोजणीत चार-पाच ठोक्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा मोजा. मग जिना चढून-उतरून या आणि लगेच परत मोजा. नाडी वाढली आणि यंत्राचा आकडा जागचा हलला नाही, तर ते यंत्र त्याच दिवशी परत करायचं. नखाला गडद रंग असेल किंवा बोटं गार पडली असतील तर चांगलं यंत्रही चुकतं, तेव्हा आधी हात चोळून गरम करावेत. ठेवताना बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, नाहीतर त्या गळून यंत्र खराब होतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन मोजून देतो म्हणणारी ॲप मात्र मुळीच घेऊ नयेत.

एप्रिल आणि मे २०२१ मध्ये लोकांचे बरेच पैसे गेले ते कॉन्संट्रेटरमध्ये, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणाऱ्या यंत्रात. जाहिरात असायची: ‘१ ते ७ लिटर, शुद्धता ९३ टक्के’. दोन्ही आकडे खरे असतात, फक्त एकाच वेळी खरे नसतात. असं यंत्र मिनिटाला १ लिटरवर ९३ टक्के देतं आणि ७ लिटरवर नेलं की शुद्धता ३० टक्क्यांच्या आसपास घसरते. साध्या हवेतच २१ टक्के ऑक्सिजन असतो हे लक्षात घेतलं म्हणजे गेलेल्या पैशांत काय मिळालं ते कळेल. रुग्णासाठीचं पाच लिटरचं यंत्र पूर्ण पाच लिटरवर ९० ते ९६ टक्के देतं. ते साधारण १४ किलोच्या पुढे भरतं आणि तीनशे-साडेतीनशे वॅट वीज खातं, कारण आत कॉम्प्रेसर आणि झिओलाइटचे, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषणाऱ्या खड्यांचे, दोन नळकांड्यांसारखे स्तंभ असतात. पाच-सहा किलोचं, हातात उचलून नेता येणारं, शे-सव्वाशे वॅटचं आणि भिंतीतल्या प्लगवर चालणारं यंत्र सात लिटर खरा ऑक्सिजन देऊच शकत नाही. म्हणून विकणाऱ्याला प्रश्न एकच विचारायचा: ‘पाच लिटरवर शुद्धता किती, आणि ते लेखी द्याल का?’ मग यंत्र चालू करून दहा मिनिटं थांबायचं आणि ऑक्सिजन ॲनालायझर लावून आकडा बघायचा. भाड्याने यंत्र देणाऱ्यांकडे हा ॲनालायझर असतो.

हेच यंत्र ‘पुढच्या लाटेसाठी’ म्हणून बंद खोक्यात ठेवणंही तोट्याचं आहे. झिओलाइट हवेतली ओल शोषून घेतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात महिनोन्महिने बंद राहिलेलं यंत्र सुरू होतं, घरघरतं, नळीतून वारा येतो, आणि शुद्धता मात्र पडलेली असते. ठेवायचंच असेल तर महिन्यातून एकदा काही तास चालवावं. गरज पडल्यावर ओळखीच्या ठिकाणाहून भाड्याने आणणं जास्त शहाणपणाचं.

सिलिंडरबाबत हिशोब डोक्यात ठेवावा. घरगुती वापरातल्या ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला ५ लिटर लावला तर तो ५ तासांत संपतो, २ लिटर लावला तर साडेबारा तास पुरतो. ‘एक सिलिंडर घरात असला की चार दिवस काळजी नाही’ असं सांगणारा एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि त्याचा खांदा पांढरा असतो. पण रंगावर विसंबू नका. मे २०२१ मध्ये दिल्ली पोलिसांनी अग्निशामक नळकांडी रंगवून ऑक्सिजन सिलिंडर म्हणून विकणाऱ्यांना पकडलं होतं. मानेजवळ धातूत ठोकलेले आकडे वाचावेत. तिथे अनुक्रमांक आणि शेवटच्या दाब-चाचणीची तारीख असते. ती जागा घासलेली किंवा जाड रंगाने बुजवलेली दिसली तर हात लावू नका. आणि लोकांनी रिकामे-भरलेले सिलिंडर घरात अडकवून ठेवल्याने भरून द्यायला सिलिंडरच उरले नाहीत, हेही त्या दिवसांत आपण पाहिलं.

रेमडेसिव्हिरबद्दल लिहिताना आजही राग येतो. कोरोनाच्या रुग्णांना दिलं जाणारं हे इंजेक्शन घरी साठवायचं नव्हतंच. पहिल्या दिवशी २०० मिग्रॅ आणि पुढचे चार दिवस रोज १०० मिग्रॅ, म्हणजे १०० मिग्रॅच्या सहा वायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या), आणि तेही रुग्णालयात सलाईनमधून. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने ते रुग्णालयातल्या रुग्णांनाही देऊ नये असा सल्ला दिला होता. तरी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, नातेवाईक रात्र-रात्र रांगेत उभे राहिले आणि ज्यांना जमलं त्यांनी ‘लागलं तर’ म्हणून जादा वायल घेऊन ठेवल्या. १७ एप्रिल २०२१ ला कंपन्यांनी किमती उतरवल्या. सगळ्यात स्वस्त वायल ८९९ रुपयांची आणि सगळ्यात महाग ३,४९० रुपयांची होती. काळ्या बाजारात दर याच्या कितीतरी पट चालू होता. त्याच महिन्यात बारामतीत रेमडेसिव्हिरच्या रिकाम्या वायलमध्ये पॅरासिटामॉलचं द्रावण भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली. गुजरातमधल्या बनावट इंजेक्शनांत ग्लुकोज आणि मीठ निघालं.

असली वायल हातात आली तर काय पाहायचं? बहुतेक कंपन्यांच्या वायलमध्ये पांढरट, तळाशी चिकटून बसलेली कोरडी भुकटी असे, आणि ती १९ मिलि निर्जंतुक पाण्यात विरघळवायची असे. भुकटीच्या नावाखाली आधीच पातळ द्रव असेल तर विषय संपला. वर प्लास्टिकची टोपी असते. ती एकदा निघाली की परत बसत नाही, चिकटवलेली असेल तर गोंदाचा डाग राहतो. तिच्याखालच्या रबराच्या बुचाला सुईचं भोक पडलेलं असेल तर आतलं काढून दुसरं भरलंय. ॲल्युमिनियमच्या पट्टीला कडेला चिमट्याच्या खुणा असतील तर तेच. खोक्यावरचा आणि वायलवरचा बॅच नंबर, तारीख अक्षर न अक्षर जुळली पाहिजे, आणि इंग्रजी मजकुरातली स्पेलिंगची चूक म्हणजे धोक्याचा कंदील. वापरून झालेल्या वायल रुग्णालयाने फोडून टाकाव्यात, असा आग्रह नातेवाइकांनी धरावा. बनावट मालाचा कच्चा माल तिथूनच जातो.

आता पैसे कसे उकळले ते. ‘खात्रीचे नंबर’ म्हणून एक यादी फिरते. फोन लगेच उचलला जातो, आवाज नम्र असतो. गोदामाचा फोटो, जीएसटीचा दाखला, कुणाचं तरी आधार कार्ड येतं. हे तिन्ही दुसऱ्याचे असतात. ‘अर्धे पैसे आधी टाका, तीन पेशंट थांबलेत.’ पैसे गेले की गाडीभाडं मागतात, मग ‘परत मिळणारं’ डिपॉझिट, मग गाडी पोलिसांनी अडवली म्हणून आणखी. गरजवंताला अक्कल नसते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पैसे पाठवायच्या आधी यूपीआयवर दिसणारं नाव आणि जीएसटी दाखल्यावरचं नाव जुळवा. जुळत नसेल तर तिथेच थांबा. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून त्यातला पत्ता बघा आणि व्हिडिओ कॉलवर तीच वस्तू, तिचा अनुक्रमांक आणि दुकानाची पाटी दाखवायला सांगा. पैसे ‘मिळण्यासाठी’ पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. उशीर केला की रक्कम पुढच्या पुढच्या खात्यांत पसरते, वेळेत कळवलं तर बँक ती मधल्या खात्यात अडवू शकते. हाताशी व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी ठेवा. आपल्या बँकेलाही लगेच कळवा. पण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांची भरपाई बँक सहसा देत नाही, त्यामुळे त्या आशेवर बसू नका. औषध बनावट वाटलं तर उरलेला माल टाकून न देता वायल, खोका, बिल सगळं जपून ठेवा आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर कळवा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार वजन-मापं आणि छापील किमती तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. ग्राहक आयोगात दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लागतोच असंही नाही. बिल मात्र लागतं, म्हणून रांगेत कितीही गर्दी असली तरी बॅच नंबर टाकलेलं बिल घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.