टेक्सास की इंग्लंड: रात्री घर कोणाच्या भरवशावर?

डॅलसची ऑफर घ्यावी की मँचेस्टरची, असं विचारणारे फोन मला वर्षातून तीन-चार तरी येतात, कारण दोन्ही देशांत मी संसार केलाय. पगार, कर, घरभाडं, शाळा यांचं गणित प्रत्येकानं आधीच मांडलेलं असतं. मग आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न निघतो. "तिकडे घरोघरी गन, आणि इकडे म्हणे पोलिसाकडेही पिस्तूल नसतं. बायको-मुलांना घेऊन राहायचं कुठे?" उत्तर तेवढ्यापुरतंच देतो. डॅलसच्या उत्तरेला आम्ही सहा वर्षं काढली, आता इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका गावात तिसरं वर्ष चालू आहे.

टेक्सासबद्दल पहिला गैरसमज असा की उतरल्या उतरल्या गन घेता येते. राज्याचा कायदा सैल आहे हे खरं. सप्टेंबर २०२१पासून तर २१ वर्षांवरच्या बहुतेकांना हँडगन जवळ बाळगायला परवानाही लागत नाही. पण आपल्यातले बहुतेक जण एच-वन-बीवर असतात, आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्राचा कायदा बंदूक घ्यायलाच काय, हातात ठेवायलाही मनाई करतो. त्यातून सुटायची वाट म्हणजे शिकारीचा चालू परवाना. तो असला की मनाई उठते. २०१९च्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावरची दोन घरं फुटली, तेव्हा मीही तो परवाना काढला. आयुष्यात कधी शिकार केली नव्हती, पुढेही केली नाही. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं, पलंगाशेजारी बटणं दाबून उघडणारी लोखंडी पेटी बसवली आणि शनिवारी रेंजवर सराव सुरू केला. पहिले काही महिने झोप खरंच चांगली लागली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तिकडचे मित्र म्हणत, पोलीस येईपर्यंत तुझा तूच. हे नुसतं बोलणं नाही, त्याला कायद्याचाही आधार आहे. कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावात नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम असलेल्या एका आईनं, तो मुलींना घेऊन गेल्याचं पोलिसांना परत परत कळवलं. पोलीस हलले नाहीत आणि तिन्ही मुली मारल्या गेल्या. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की तो हुकूम पोलिसांकडून बजावून घेण्याचा घटनात्मक हक्क त्या आईला नव्हता. म्हणजे रक्षणाची जबाबदारी शेवटी तुमच्यावर येते, आणि हत्यार बाळगायची मुभा त्यातूनच आली आहे असं तिथली माणसं मनापासून मानतात. मी त्यांना हसणार नाही. जवळचं पोलीस ठाणं चाळीस मैलांवर असलेल्या शेतघरात मी राहत असतो, तर मीही तेच मानलं असतं.

इंग्लंडचा हिशेब वेगळा आहे. १८२९ साली रॉबर्ट पील यांनी लंडनचं पोलीस दल उभं केलं तेव्हापासून साध्या गस्तीवरचा पोलीस पिस्तुलाशिवाय फिरतो. त्याच्याजवळ दंडुका असतो, डोळ्यांत मारायचा फवारा असतो, काहींकडे टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं यंत्र. इंग्लंड आणि वेल्समध्ये जवळपास दीड लाख पोलीस आहेत, त्यांत बंदूक चालवायची परवानगी असलेले सुमारे ६,०००. (उत्तर आयर्लंड यात धरू नका, तिथले पोलीस पिस्तूल बाळगतात.) १९९६मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गोळीबारात गेल्या आणि पुढच्याच वर्षी हँडगनवर बंदी आली. या पद्धतीची किंमत पोलीसही मोजतात. मार्च २०१७मध्ये संसदेच्या फाटकावर कीथ पामर हा हवालदार सुऱ्यानं मारला गेला, त्याच्याकडे पिस्तूल नव्हतं. पण त्याच वर्षी जूनमध्ये लंडन ब्रिजवर हल्ला झाला, तेव्हा पहिल्या फोननंतर आठ मिनिटांत हत्यारी पथकानं तिन्ही हल्लेखोरांना गोळ्या घातल्या होत्या.

ही आठ मिनिटं माझ्या डोक्यात बसली ती उवाल्डीमुळे. मे २०२२. टेक्सासमधलंच, आमच्या तिथल्या घरापासून पाच-सहा तासांच्या गाडीवरचं गाव. प्राथमिक शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. एकेक करत ३७६ पोलीस तिथे जमले, सगळे सशस्त्र, आणि वर्गाच्या आत जायला त्यांना ७७ मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेतून आणायला गेलो तेव्हा रांगेतले आईबाप एकमेकांशी बोलत नव्हते. ती तेव्हा सहा वर्षांची होती.

तरीही आम्ही टेक्सास सोडलं ते उवाल्डीमुळे नाही. कारण फार छोटं होतं, आणि ते रोज समोर यायचं.

मुलगी शाळेत जाऊ लागली की मैत्रिणीकडे खेळायला जाणं आलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, मुलीला कोणाकडे पाठवण्याआधी विचारत जा, घरात गन आहे का, आणि असली तर कुलपात आहे का. सल्ला रास्तच आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं टेक्सासमध्येही गुन्हा आहे. अमेरिकन आयांना विचारणं सोपं जायचं. त्या चटकन सांगत, हो, आहे, कपाटातल्या सेफमध्ये आहे, आणि उलट आम्हालाही विचारत. अवघड जायचं ते आपल्या माणसांना विचारताना. ज्यांच्याकडे आपण गणपतीत आरतीला जातो, ज्यांच्या घरचे मोदक खातो, त्यांना दारात उभं राहून हे कसं विचारायचं? समोरच्याला वाटतं, हा आपल्या घरावर संशय घेतोय. एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "अहो, वरच्या कपाटात आहे, मुलांचा हात कुठे पोचतोय तिथं!" मुलं तोवर वरच्या मजल्यावर पळाली होती. त्या दिवशीची आरती मी जिन्याकडे बघत म्हटली. बायको प्रसाद घ्यायला थांबली नाही, डोकं दुखतंय म्हणून मुलीला घेऊन घरी आली. त्या घराशी आमचं येणं-जाणं नंतर कमी होत गेलं. त्या लोकांचं काही चुकलं असं त्यांना आजही वाटत नसणार, आणि माझ्या मनातून तो जिना जात नाही.

पुढचं माझ्याच घरातलं. एका रविवारी पोहे खाता खाता मुलगी म्हणाली, "बाबा, तुझी बोटं अशी जातात," आणि टेबलावर बोटानं चार ठिकाणी टकटक करून दाखवलं. पेटीच्या बटणांचा तोच क्रम होता. दारातून कधीतरी बघितला असणार. नंबर त्याच दिवशी बदलला, पण पेटीवरचा विश्वास गेला. मग गोळ्या वेगळ्या, पिस्तूल वेगळं, दोन्ही वेगवेगळ्या कुलपांत. एवढं केल्यावर रात्री दोन वाजता काच फुटली तर दोन्ही कुलपं उघडून ते हातात यायला किती वेळ लागेल, हे एकदा अंधारात करून पाहिलं. घड्याळ लावलं नव्हतं, पण तेवढ्यात चोर जिना चढून आला असता. मुलीपासून सुरक्षित ठेवलं की चोरासाठी उपयोगाचं राहत नाही, आणि चोरासाठी तयार ठेवलं की मुलीसाठी सुरक्षित राहत नाही. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्यांनी हा पेच सुटतो असं काही मित्र सांगतात, सुटतही असेल. मला त्या खोलीत झोप लागेना.

इंग्लंडमध्ये मुलीला कोणाकडे सोडायला गेलो की दारात मलाच विचारतात, तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का.

म्हणून इंग्लंड म्हणजे रामराज्य असं समजू नका. दुसऱ्याच हिवाळ्यात आमचं घर फुटलं. मागच्या दाराचं कुलूप तोडून चोर थेट बेडरूमच्या कपाटापाशी गेले. भारतीय घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे, दिवाळीच्या सुमाराला पोलीसही तशी सूचना देतात. बायकोच्या आईनं दिलेल्या पाटल्या गेल्या. पोलिसांनी फोनवर तक्रारीचा क्रमांक दिला, दोन आठवड्यांनी तपास बंद केल्याचं पत्र आलं, घरी कोणी आलं नाही. बायको त्या रात्री म्हणाली, "तिकडे निदान आपल्या हातात काहीतरी होतं." मला उत्तर सुचलं नाही. पण चोर आले तेव्हा आम्ही घरी नव्हतो, म्हणजे पिस्तूल असतं तर पाटल्यांबरोबर तेही गेलं असतं, आणि ते कोणाच्या हाती पडलं असतं हा विचार मला नंतर कितीतरी दिवस छळत राहिला.

दुसरी अडचण बायकांची आहे, ती मी कमी लेखणार नाही. टेक्सासमध्ये बायकोच्या किल्ल्यांना पेपर स्प्रे असायचा. पुण्यात तर तो सहज विकत मिळतो. इंग्लंडमध्ये १९६८च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार तो बंदी असलेल्या हत्यारांत मोडतो, आणि जवळ सापडला तर खटला होऊ शकतो. स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून गाडीत हॉकी स्टिक ठेवली तरी ते हत्यारच धरलं जातं. बाईनं पर्समध्ये ठेवावं असं कायद्याला चालणारं साधन म्हणजे कर्कश वाजणारा अलार्म. स्टेशनवरून रात्री साडेनऊला एकटी चालत येणाऱ्या बाईला हे पुरेसं वाटत नाही, आणि तिचं म्हणणं मला पटतं. हिवाळ्यात मी गाडी घेऊन स्टेशनवर जातो.

मात्र कायदा हात बांधून ठेवतो, असं जे म्हणतात ते तितकंसं खरं नाही. घरात घुसलेल्या माणसाला हाताला लागेल त्यानं मारायची मुभा आहे. २०१३पासून तर घरमालकाकडून बळ थोडं जास्त वापरलं गेलं तरी कायदा समजून घेतो, फक्त ते अगदीच बेसुमार नको. नॉरफोकचा शेतकरी टोनी मार्टिन याचं उदाहरण सगळे देतात. त्यानं १९९९मध्ये बिनपरवाना बंदुकीनं दोन चोरांवर गोळ्या झाडल्या, त्यात १६ वर्षांचा मुलगा मेला. आधी खुनाची शिक्षा झाली, २००१मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली, २००३मध्ये तो सुटला. गावोगाव त्याच्या बाजूनं बोलणारे आजही भेटतात.

आईबाबा सहा-सहा महिने येऊन राहणार असतील तर आणखी एक गोष्ट धरा. साताऱ्यात बाबा पहाटे फिरायला जातात आणि कुंपणाबाहेर आलेली फुलं पूजेसाठी खुडून आणतात. टेक्सासमध्ये मी त्यांना पहिल्या दिवशीच बजावलं, कोणाच्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, चुकूनही दुसऱ्या घराची बेल दाबायची नाही. अलाबामात २०१५ साली नातवाला सांभाळायला गुजरातमधून आलेले आजोबा रस्त्यानं नुसते चालत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला, पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं आणि मणक्याला इजा झाली. ते डोक्यात ठेवून मी बोलत होतो. बाबांनी ऐकलं, आणि सहा महिने दुकानातल्या पिशवीबंद फुलांवर पूजा केली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. इथे आले तेव्हा त्यांना फुलं खुडताना शेजारच्या आजीबाईंनी खिडकीतून पाहिलं. त्या बाहेर आल्या आणि कुठली फुलं तोडायची नाहीत ते बोट दाखवून सांगितलं. बाकीची बाबा रोज आणत.

तुमची मुलं मोठी असतील, घर गावाबाहेर असेल, पिस्तूल हाताळायची शिस्त अंगात असेल, तर टेक्सास वाईट नाही. तिथे जाणार असाल तर आधी पेटी घ्या, मग पिस्तूल, आणि मुलं कोणाकडे पाठवण्याआधी तो प्रश्न विचाराच, आपली माणसं असली तरी. मुलं लहान असतील तर मी इंग्लंड म्हणेन. येताना सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून या. मुलगी एकटी शिकायला येणार असेल तर तिच्या पर्समधला पेपर स्प्रे घरीच काढून ठेवा, आणि तिला हे सांगून ठेवा की मोबाईलवरून ९९९ हा तातडीचा नंबर लावल्यावर बोलता येण्यासारखी परिस्थिती नसेल, तर सूचना आल्यावर ५५ दाबायचं.

आमचं पिस्तूल निघण्याआधी दुकानदारानं परत विकत घेतलं. पेटी सामानाबरोबर इकडे आणली. तिच्यात आता पासपोर्ट असतात.