फ्रेम झकास, पण खाडाखोडीला हात लावू देऊ नका

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत फोटो फ्रेम आणि डिजिटल प्रिंटचं हे जुनं दुकान आहे. पाचपैकी चार तारे देतोय. पाचवा का कापला ते पुढे येईल. देवांचे फोटो, लग्नाची कोलाजं, श्रद्धांजलीच्या फ्रेमा, ट्रॉफ्या हे त्यांचं रोजचं काम. माझं काम जरा तिरपागडं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. असलं काही करून घ्यायचं असेल त्यांना उपयोग होईल.

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. आपल्याकडे फौजेतून घरी आलेला कुणीही 'मेजर' असतो, तसा दुकानात मीही मेजर. आता भरतीपूर्व क्लास चालवतो. क्लासच्या भिंतीवर लावायला एक चिठ्ठी फ्रेम करून हवी होती. दुसऱ्या महायुद्धात दोस्त फौजांचे सरसेनापती असलेले जनरल आयझेनहॉवर यांनी ५ जून १९४४ ला स्वतःच्या हातानं लिहिलेली. दुसऱ्या दिवशी जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दीड लाखाहून जास्त सैन्य उतरणार होतं, आणि ते फसलं तर जगाला काय सांगायचं हे या माणसानं आदल्या दिवशीच पेन्सिलीनं लिहून खिशातल्या पाकिटात घालून ठेवलं होतं. स्कॅन अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागाराकडून नेटवर फुकट मिळतं. ते पेनड्राइव्हवर घेऊन गेलो, खाली छापायचा मराठी मजकूर कागदावर लिहून नेला.

मजकूर असा:

"शेर्बूर–हाव्र भागात उतरलेल्या आपल्या फौजांना हवा तसा पाय रोवता आला नाही आणि मी सैन्य मागे घेतलं आहे. या वेळी, या ठिकाणी हल्ला करण्याचा माझा निर्णय हाताशी असलेल्या उत्तमातल्या उत्तम माहितीवर आधारलेला होता. सैनिक, हवाई दल आणि नौदल यांनी शौर्य आणि कर्तव्यनिष्ठा यांच्या जोरावर जे जे करता येईल ते सगळं केलं. या प्रयत्नात काही दोष किंवा चूक असेल तर ती माझी एकट्याची आहे."

कॉम्प्युटरवर बसणारी पोरगी चलाख आहे. स्कॅन उघडलं आणि लगेच म्हणाली, "सर, हे खोडलेलं काढून टाकते, दोन मिनिटांचं काम आहे. आणि खाली तुम्ही पाच जून लिहिलंय, वर तर जुलै आहे. जून करू का?" नजरेला दाद दिली पाहिजे. आयझेनहॉवरनं खरोखरच जूनच्या जागी जुलै लिहिलाय. दिवस काय होता हे त्या एका महिन्याच्या चुकीवरून कळतं.

मी म्हटलं, ताई, एका रेघेलाही हात लावू नकोस. त्यावर मालक काउंटरवरून बोलले (घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी फर्डं सोलापुरी), "अवो मेजर, भिंतीवर लावायचं म्हंजे स्वच्छ दिसाय नको का? लोक म्हणतील अण्णाच्या दुकानात असलंच करून देत्यात."

मग अण्णांना स्क्रीनवर दाखवलं. पहिल्या वाक्यात आयझेनहॉवरनं आधी लिहिलं होतं की सैन्य मागे घेण्यात आलं आहे. ते खोडून 'मी सैन्य मागे घेतलं आहे' केलं. पुढच्या वाक्याची सुरुवात 'ही विशिष्ट मोहीम' अशी होती. तीही खोडली आणि 'हल्ला करण्याचा माझा निर्णय' असं घातलं. पहिल्या झटक्यात त्याच्याही हातून तेच उतरलं जे कुठल्याही मोठ्या साहेबाच्या हातून उतरतं. फौजेतल्या चौकशीचे, म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे, कागद मी नोकरीत पुष्कळ वाहून नेलेत. सगळीकडे 'असे करण्यात आले', 'असे आढळून आले'. करणारा कोण, ते शोधायला आणखी एक इन्क्वायरी लागावी. या माणसानं वाचून पाहिलं, खोडलं आणि तिथे स्वतःला आणून बसवलं. खाडाखोड पुसली तर उरतो तो एका साहेबाचा नीटनेटका खुलासा. त्याची फ्रेम कशाला करू?

अण्णा थोडा वेळ बघत राहिले आणि पोरीला म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच." गिऱ्हाइकाचं ऐकून घेण्याचे पूर्ण गुण.

चिठ्ठीत काय नाही तेही बघण्यासारखं आहे. हवामान नाही. मोहीम मुळात ५ जूनला ठरली होती, इंग्लिश खाडीत वादळ म्हणून एक दिवस पुढे ढकलली. स्टॅग नावाच्या हवामान अधिकाऱ्यानं ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल असं सांगितलं आणि त्यावर आयझेनहॉवरनं होकार दिला. ही संधी हुकली असती तर भरती-ओहोटीचं गणित जुळायला साधारण दोन आठवडे थांबावं लागलं असतं, आणि नेमकं १९ जूनला असं वादळ आलं की अमेरिकनांनी किनाऱ्यावर उभारलेलं तात्पुरतं बंदर मोडून पडलं. पण हे त्याला ५ तारखेला कुठून माहीत असणार? उद्या अंदाज चुकला असता तर बोट दाखवायला स्टॅग समोर होता. छत्रीधारी सैनिक उतरवू नका, फार माणसं जातील, असं बजावणारा हवाई दलाचा प्रमुख ली-मॅलरीही होता. चिठ्ठीत दोघांचंही नाव नाही. 'हाताशी असलेली उत्तमातली उत्तम माहिती' एवढ्यावर माहिती देणारे सगळे सुटले.

चिठ्ठी वापरावी लागली नाही. जुलैत ती पाकिटात सापडली, तेव्हा त्यानं ती बुचर या आपल्या नौदल सहायकाला दाखवली आणि बुचरनं ती मागून ठेवून घेतली, म्हणून आज स्कॅन मिळतं. समुद्रातून सैन्य उतरवायच्या प्रत्येक मोहिमेआधी अशी चिठ्ठी लिहायचो आणि नंतर गुपचूप फाडून टाकायचो, असं तो बुचरला म्हणाला होता. म्हणजे ही सवय होती. नकाशा, दारूगोळा, राशन यांच्या तयारीत हीही एक तयारी.

क्लासची पोरं विचारतात, आपल्याकडे असं कुणी केलं का? मी माणेकशॉ सांगतो. १९७१ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत लगेच हल्ल्याची विचारणा झाली तेव्हा पावसाळा, पूर्वेकडच्या नद्या, विखुरलेल्या तुकड्या, कापणीच्या दिवसांत अडकलेली रेल्वे हे सगळं मांडून त्यांनी आत्ता गेलो तर हार नक्की असं तोंडावर सांगितलं आणि राजीनामाही पुढे केला. ही हकीकत त्यांच्याच तोंडची आहे, आणि गोष्ट सांगण्यात साहेबांचा हात कुणी धरला नसता, तेव्हा मीठ थोडं वेगळं काढून घ्यावं. डिसेंबरातला निकाल मात्र सगळ्यांसमोर आहे, ९३ हजार युद्धकैदी. बासष्टचं सांगताना पोरं गप्प होतात. चीनकडून मार खाल्ल्यावर संरक्षणमंत्री गेले, लष्करप्रमुख थापर गेले, आपले यशवंतराव दिल्लीला गेले. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा चौकशी अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, तो सरकारनं अजून खुला केलेला नाही. पदं गेली, पण माझं चुकलं असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद पोरांना दाखवायला माझ्याकडे नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या पराभवानंतर दक्षिणेचा जनरल ली आपल्या परत येणाऱ्या सैनिकांना 'दोष माझा' म्हणत सामोरा गेला, पुढच्या महिन्यात राजीनामाही धाडला, तो नामंजूर झाला. तेही मोठंच. पण ते हरल्यानंतरचं. आदल्या दिवशी लिहायला वेगळी छाती लागते असं माझं मत आहे. कुणाला पटत नसेल तर क्लासवर या, चहा पाजतो.

आता कामाचा दर्जा. मॅट कागदावर प्रिंट घ्या, ग्लॉसीवर पेन्सिलीच्या रेघा चकाकीत हरवतात. पहिल्या प्रिंटला पोरीनं कॉन्ट्रास्ट इतका चढवला की जुना कागद पांढराफेक झाला आणि अक्षर बॉलपेनचं वाटायला लागलं. सांगितल्यावर हसत दुसरा काढून दिला, पैसे लावले नाहीत. काचेऐवजी ॲक्रिलिक टाकून घेतलं, कारण क्लासमध्ये पोरं आणि बूट दोन्ही उडत असतात. पट्टी सागवानी रंगाची, कोपरे अगदी चपखल, मागे जाड हार्डबोर्ड, हुक दोन. साडेआठशे रुपये घेतले. मोठ्या स्टुडिओत याच मापाला दुप्पट सांगितले होते.

तारा कापला तो माउंटसाठी, म्हणजे प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीसाठी. न्यायला गेलो तर क्रीम रंगाचा माउंट खालून जास्त आत आलेला, आणि शेवटची ओळ त्याच्याखाली गडप. नेमकी 'माझी एकट्याची' हीच! अण्णा म्हणाले पोरानं माप चुकवलं. कापणारा पोरगा म्हणाला कॉम्प्युटरवरून माप तसंच आलं. कॉम्प्युटरवाली म्हणाली ब्लेड बोथट आहे, कधीपासून सांगतेय. मी अण्णांना म्हटलं, आपण कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवू या का? तेव्हा कुठे त्यांनी स्वतः पट्टी घेतली आणि माझ्यासमोर नवा माउंट कापून दिला. काम चोख झालं, पण न बघता घेऊन आलो असतो तर घरी येऊन कपाळावर हात मारला असता.

जाणाऱ्यांसाठी: गल्लीत गाडी लावायला जागा नाही, चार पुतळ्यापाशी लावून चालत जा. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत नवं काम देऊ नका, तेव्हा सिद्धेश्वरांच्या फोटोंपुढे कुणाचा नंबर लागत नाही. मराठी मजकूर असेल तर प्रूफ कागदावर काढून मागा, स्क्रीनवर बघून हो म्हणू नका. माझ्या मजकुरात 'निर्णय'चा 'निर्नय' आणि 'कर्तव्यनिष्ठा'ची 'कर्तव्यनिष्टा' झाली होती. दोन्ही कागदावरच सापडल्या.