नॉब फिरवला, चित्र बदललं, गाडी तीच! सेकंडहँड लक्झरी फोर बाय फोर घेताना मी कसा गंडलो

गेल्या सीझनला द्राक्षाचे पैसे बरे आले आणि डोक्यात किडा शिरला की आता मोठी फोर बाय फोर घ्यायचीच. आण्णा म्हणाले होते आधी ट्रॅक्टर बदल, पण ऐकतोय कोण. नाशिकातल्याच एका सेकंडहँडवाल्याकडे २०१४ ची, एअर सस्पेन्शनवाली (म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर उभी, बटणाने हाईट कमी-जास्त होणारी) परदेशी गाडी मिळाली, २३ लाखाला. कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष गाडीचा नाहीये, विकणाऱ्याचा आहे.

टेस्ट ड्राइव्ह गंगापूर रोडला, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, काटा चाळीसच्या वर गेलाच नाही. त्याचा पोरगा शेजारी बसून गाडीची चाल बदलणारा मोडचा नॉब फिरवत होता, हे बघा कम्फर्ट, हे स्पोर्ट, स्क्रीनवर चित्र बदलायचं, आणि खरंच स्पोर्टला ॲक्सिलेटरला पाय लावला की गाडी झेप घ्यायची, मग मला वाटलं सगळं चालू आहे. हाईटचं बटण दाबायला गेलो तर म्हणे, "साहेब उभ्या गाडीत नका दाबू, हवा भरणाऱ्या कंप्रेसरवर लोड येतो." साफ खोटं! इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीतच तर ते बघायचं असतं. पण तेव्हा मी शहाण्यासारखी मान डोलावली.

आठ दिवसांनी मुंबईला निघालो, बायको-पोरं सोबत. इगतपुरीपर्यंत काही कळलं नाही. कसारा घाट उतरताना मुद्दाम स्पोर्टला टाकली, म्हटलं आता रोडला चिकटून चालेल, तर पहिल्याच मोठ्या वळणाला गाडी होडीसारखी कलली, ब्रेक मारला की नाक खाली, सोडला की वर, आणि दोन-तीनदा डुलून मग कुठे शांत. धाकटीने मागच्या सीटवरच उलटी केली. कम्फर्टला टाकून बघितली, तेच. हात थरथरत होते माझे, खरं सांगतो.

परत आल्यावर अंबडला ओळखीच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि हसायलाच लागला. हवेचे रबरी फुगे गायब, चारही चाकांना साध्या कॉइल स्प्रिंगा आणि साधे शॉकप, आणि डॅशबोर्डवर वॉर्निंग लाइट लागू नये म्हणून वायरिंगमध्ये एक छोटी डबी जोडलेली, जी कॉम्प्युटरला सांगत राहते की सगळं ठीक आहे.

तेव्हा मला कळलं की मोड म्हणजे काही एक मशीन नाही. लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ ला टेरेन रिस्पॉन्स, म्हणजे रस्ता बघून नॉबने मोड निवडायची सोय, आणलं, तिथेही कल्पना हीच, नॉब नुसता निरोप धाडतो आणि थ्रॉटल (पाय दाबला की इंजिन किती जोरात ऐकतं ते), गिअरबॉक्स, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा), सस्पेन्शनची हाईट हे सगळे आपापलं काम बदलतात. शॉकप इलेक्ट्रॉनिक असतील तर स्पोर्टला ते पण कडक होतात, बॉडी कमी कलते. माझ्या गाडीत इंजिन-गिअरबॉक्स निरोप ऐकत होते म्हणून पायाला फरक कळला, सस्पेन्शनमध्ये ऐकायला कोणी उरलंच नव्हतं. आणि हो, खडी-बर्फाच्या मोडला थ्रॉटल मुद्दाम मऊ केलेला असतो, त्या मोडला चालवायला दिली तर गिअरचा झटका पण लपतो, तेव्हा आधी कुठलं चिन्ह पेटलंय ते बघा.

घेणार असाल तर शिलाईवाला टेप सोबत न्या, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, हाईट वाढवा, परत मोजा. आकडा बदलला नाही तर तिथूनच घरी या. एकाच वळणावर एकाच स्पीडला कम्फर्ट आणि स्पोर्ट दोन्ही चालवून बघा आणि लक्ष पायाकडे नको, कमरेकडे ठेवा. विकणारा लिफ्टवर घ्यायला नाही म्हणाला तर का म्हणतोय ते तुम्हीच समजा, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर विसंबू नका, तसल्या डबीने स्कॅनरलाही गप्प केलेलं असू शकतं.

विकणारा आता म्हणतो पावतीवर 'आहे तशी' लिहिलंय आणि तुमची सही आहे. आहेच सही. वकील म्हणाले जिल्हा ग्राहक आयोगात टाकू, दोन वर्षांची मुदत असते, म्हणून लिफ्टवरचे फोटो आणि ती डबी जपून ठेवलीय. मूळ सस्पेन्शन परत बसवायचा खर्च ऐकून मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. गाडी सध्या शेडमध्ये, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांच्या शेजारी, आणि आण्णा रोज चहा पिताना विचारतात, "आज कोणत्या मोडला उभीय रे?"